लक्षद्याकाकांची तीन मिनिटं

पत्र आलं तेव्हा लक्षद्याकाकांची अर्धीच दाढी झाली होती. उरलेल्या गालावरचा फेस तसाच ठेवून त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा खड्या आवाजात. "महाविद्यालयाच्या पन्नासाव्या पदवीदान समारंभात, सर्व पदवीधरांच्या वतीने, तीन मिनिटांचे भाषण करण्यासाठी आपली निवड करण्यात आली आहे!"

दोनदा वाचण्यात विशेष काही नव्हतं. ते सगळंच दोनदा बोलतात. सव्वीस वर्षं बसस्थानकावरच्या छोट्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा करायच्या म्हणजे चेष्टा आहे होय! "कृपया लक्ष द्या" म्हणायचं, गाडी सांगायची, फलाट सांगायचा, आणि पहिल्या वेळी कुणीच ऐकत नसतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. ती सवय माणसाच्या हाडात मुरते. लेक जन्मली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात ते "मुलगी झाली" असं दोनदा म्हणाले, तर सासूबाई जुळं झालं समजून दुसरा पाळणा आणायला धावल्या होत्या. बाकी माणूस सोन्यासारखा. गल्लीने त्यांना लक्षद्याकाका हे नाव प्रेमानेच ठेवलं होतं.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्या मनाने घेतलं की आपण पदवीधर व्हायचं. का घेतलं ते विचारू नका, तेही सांगू शकत नाहीत. संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. त्याच वर्षी लेकीने त्याच महाविद्यालयात सकाळच्या वर्गात प्रवेश घेतला. तीन वर्षं बाप-लेक एकाच घरातून एकाच अभ्यासक्रमाची पुस्तकं नेत होते. लेक पहिल्यापासून पुढे. बाप संख्याशास्त्रात पहिल्यांदा गडगडला, दुसऱ्यांदाही गडगडला, मग लेकीने त्याला ताब्यात घेतलं. रोज पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचं, सरासरी आणि विचलन समजावून सांगायचं, गणित घालायचं आणि चुकलं की पुन्हा घालायचं. तेव्हा कुठे काका चाळीस गुणांनी काठावर लागले. निकाल आला त्या दिवशी लेक महाविद्यालयात पहिली होती आणि बाप पास होता, आणि घरात जास्त आरडाओरडा बापानेच केला.

आता गोम अशी की त्या महाविद्यालयात पन्नास वर्षांचा शिरस्ता होता. पदवीदानाचं भाषण पहिला येणारा करतो. लेकीच्या डोळ्यांसमोर पहिल्या वर्षापासून ती तीन मिनिटं होती. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ती काहीतरी पुटपुटायची, आई आत आली की केस विंचरायला लागायची. आईला सगळं कळत होतं.

पण यंदा पन्नासावं वर्ष. प्राचार्यांना काहीतरी वेगळं करायचं होतं. चोपन्न वर्षांचा पदवीधर, तोही बसस्थानकावरचा, वर आवाज असा की सहा फलाट ऐकू जातो! प्राचार्यांनी शिरस्ता गुंडाळून ठेवला.

"अभिनंदन, बाबा," लेक म्हणाली आणि भांडी पुसायला आत गेली. पुसलेलीच भांडी पुसत होती.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "काय झालंय ते कळतंय ना तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? मी भाषण करणार! मी भाषण करणार!"

"कपाळ माझं," काकू म्हणाल्या.

खरं सांगायचं तर काकांना कळलं होतं. आत कुठेतरी बारीकसं टोचलंही होतं. पण चोपन्न वर्षांत ज्याला कुणी चार ओळींचं आभारप्रदर्शनही करायला सांगितलं नाही, त्या माणसाला असं पत्र आल्यावर टोचलेलं किती वेळ लक्षात राहणार? त्यांनी उरलेली दाढी केली, जुन्या वेळापत्रकाची कोरी पाठ घेतली आणि एका बैठकीत भाषण लिहून काढलं. साधं, अकरा वाक्यांचं. त्यातलं सहावं वाक्य होतं, "मी नापास झालो तेव्हा मला माझ्या मुलीने शिकवलं, म्हणून मी आज इथे आहे." कागद टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर सहाव्या वाक्यात कुणीतरी पेन्सिलीने एक स्वल्पविराम घातला होता. बाकी कशाला हात लावलेला नव्हता. काका खूश झाले. पोरीने राग सोडला म्हणायचा.

त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण आनंद पोटात मावेना, म्हणून ते कागद घेऊन वरच्या मजल्यावर गेले. वर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. हेडमास्तरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची लाल शाई अजून निवृत्त झालेली नाही.

"हे भाषण आहे?" हेडमास्तरांनी कागद लांब धरून विचारलं.

"हो. हो."

"यात धग कुठे आहे? तरुण पोरं समोर बसणार. त्यांना पेटवायला हवं! लिहा: मित्रहो, थांबण्याची वेळ संपली. उठा! आपापलं सामान उचला आणि पुढच्या प्रवासाला निघा! आणि हे सहावं वाक्य काढा."

"ते... ते राहू दे की. खरं आहे ते."

"खरं असेल. पण सभेत घरच्या गोष्टी काढत नसतात. उद्या म्हणाल बायकोने डबा दिला." आणि लाल रेघ ओढून मोकळे झाले.

काकांचा जीव चुटपुटला. पण हेडमास्तरांसमोर उभं राहिलं की त्यांचे आपोआप हात मागे जातात. मान डोलावून खाली उतरले, तर जिन्यात विमा विकणारे शेजारी भेटले. त्यांनी जिन्यातच कागद वाचला आणि म्हणाले, "सगळं छान आहे, फक्त आधी भीती घाला. पुढे काय वाढून ठेवलंय कुणाला ठाऊक, असं काहीतरी. माणूस घाबरला की ऐकतो. मग दिलासा द्या." तेही आत गेलं. दोन दिवसांत गल्लीत जो भेटेल त्याने एकेक वाक्य दिलं. अकरा वाक्यांची तीन पानं झाली, आणि त्यात काकांचं स्वतःचं फक्त "आभारी आहे" एवढंच उरलं.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. महाविद्यालयाचे मोठे क्लार्क म्हणजे अतिशय सभ्य माणूस, फक्त हसत नसत. ते म्हणाले, "भाषणाच्या तीन प्रती द्या. समिती मंजूर करील. प्रत्येक पानावर शिक्का बसेल. शिक्का बसल्यावर कानामात्रा बदलायचा नाही. आणि तुम्ही नोकरीत आहात ना? मग कार्यालयाची ना-हरकत आणा."

"भाषणाला ना-हरकत?"

"सार्वजनिक ठिकाणी बोलणार ना तुम्ही?"

"अहो, मी सव्वीस वर्षं सार्वजनिक ठिकाणीच बोलतोय!"

"ते कामाच्या वेळेत," मोठे क्लार्क म्हणाले.

डेपो मॅनेजरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "भाषणात व्यवस्थापनाबद्दल काही आहे का?"

"नाही साहेब. नाही साहेब."

"मग घाला की दोन ओळी. गाड्या वेळेवर सुटतात वगैरे. बघतो मी." अर्ज टेबलाच्या डाव्या ढिगाऱ्यात गेला. डाव्या ढिगाऱ्यातून अर्ज बाहेर आलेला डेपोत अजून कुणी पाहिलेला नव्हता.

पण काकांचा उत्साह कसला कमी होतोय! समितीने तीन पानं मंजूर केली, नऊ शिक्के बसले. आता पाठांतर. घरी म्हणायची सोय नव्हती. एक तर लेक समोर असायची, आणि दुसरं म्हणजे तिथे त्यांना शब्दच फुटत नव्हता. ही गोष्ट त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळली. सव्वीस वर्षं लाखो लोकांशी बोलले, पण बोलताना एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या खोलीत टेबलासमोर भिंत होती, भिंतीवर वेळापत्रक. वेळापत्रकाकडे बघून बोलायचं. काकूंसमोर उभे राहिले आणि "आदरणीय" म्हणाले, तर काकूंनी नुसत्या भुवया वर केल्या आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

म्हणून त्यांनी ठरवलं, पाठांतर कामावरच करायचं. दुपारी तीन ते सव्वातीन एकही गाडी सुटत नाही. त्या वेळात दार लावायचं, भिंतीकडे बघायचं आणि म्हणायचं.

आता इथे एक नीट समजून घ्या. सव्वीस वर्षं ज्याने तोंड उघडायच्या आधी बटण दाबलंय, त्याचं बोट त्याला विचारून बटण दाबत नाही. काकांनी दार लावलं, घसा खाकरला, बोटाने आपलं काम केलं, लाल दिवा लागला, आणि काकांनी भिंतीकडे बघून जोरात सुरुवात केली.

"आदरणीय प्राचार्य, गुरुजन आणि मित्रहो! आदरणीय प्राचार्य, गुरुजन आणि मित्रहो!"

बाहेर फलाटावर डुलक्या घेणारी माणसं दचकून जागी झाली.

"पुढे काय वाढून ठेवलं आहे, कुणालाही ठाऊक नाही! पुढे काय वाढून ठेवलं आहे, कुणालाही ठाऊक नाही!"

एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. एका बाईने पोराला कडेवर घेतलं.

"मित्रहो, थांबण्याची वेळ संपली! उठा! आपापलं सामान उचला आणि पुढच्या प्रवासाला निघा!"

हे दोनदा म्हणायची गरजच पडली नाही. पहिल्याच फटक्यात फलाट क्रमांक चारवरची झाडून सगळी माणसं उठली, पेट्या-पिशव्या उचलल्या आणि समोर जी गाडी उभी होती तिच्यात घुसली. ती गाडी धुवायला चालली होती. ड्रायव्हर पुढे एकटाच बसून शीळ घालत होता. मागे काय भरलंय हे त्याने पाहिलं नाही, कारण धुवायला जाणाऱ्या गाडीत मागे बघायचं काय? त्याने गाडी काढली ती थेट डेपोच्या मागच्या अंगणात पाण्याच्या फवाऱ्याखाली नेली. खिडक्या सताड उघड्या होत्या.

बेचाळीस माणसं भिजली. त्यातले एकजण डेपो मॅनेजरांचे सासरे होते.

चार वाजता मेमो आला. भाषा अशी: "कामाच्या वेळेत, कार्यालयीन यंत्रणेवरून, प्रवाशांना अनधिकृतपणे प्रोत्साहन दिल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये?" काकांनी मान खाली घालून सही केली. त्यांची लाज गेली होती हो! सव्वीस वर्षांत एकदाही त्यांनी चुकीचा फलाट सांगितला नव्हता.

पण खरं दुःख घरी वाट बघत होतं. ग्रंथालयातून येताना लेक त्या वेळी तीन नंबरच्या फलाटावर उभी होती. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिने सगळं ऐकलं होतं. तिने काकांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, लाल दिवा बघायचा असतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भाषण लांबलंय. पहिलं बरं होतं."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. काका ग्लास हातात धरून तसेच बसले. ते सहावं वाक्य गेलेलं तिला कळलं होतं, आणि तेही सहा फलाटांच्या कर्ण्यांवरून. तिची तीन मिनिटं तर आपण घेतलीच, आणि तिला द्यायचं एक वाक्य, तेही हेडमास्तरांच्या रेघेला घाबरून सोडून दिलं. अशी चीड आली त्यांना स्वतःची!

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी ते मोठ्या क्लार्कांच्या खिडकीशी हजर. "हे भाषण माझ्या मुलीने करायचं. माझं नाव काढा. माझं नाव काढा."

"कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या. नऊशे प्रती."

"खाडाखोड करा."

"वक्ता बदलायला मूळ वक्ता आजारी असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो."

"निदान एक वाक्य घालू द्या. फक्त एक!"

मोठ्या क्लार्कांनी नऊ शिक्क्यांकडे बोट दाखवलं.

काका तडक डॉक्टरांकडे गेले. "मला आजारी पाडा," म्हणाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ काढायला लावली. "छत्तिशीतल्या माणसाचा रक्तदाब आहे," ते कौतुकाने म्हणाले. "काय खाता काय तुम्ही?" असा अपमान काकांचा जन्मात झाला नव्हता.

म्हणजे भाषण गळ्यात पडलं ते पडलंच. आणि आता गंमत बघा. बाप भाषणाच्या नावाने थरथर कापतोय हे लेकीच्या ध्यानात आलं, आणि तिच्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. समारंभाला तीन दिवस उरले होते. पहाटे पाच वाजता तिने टेबल बाजूला सरकवलं.

"उभे राहा, बाबा. माझ्याकडे बघा. भिंतीकडे नाही, माझ्याकडे."

"अगं, पण तू..."

"वेळ घालवू नका. पहिलं वाक्य."

"आदरणीय प्राचार्य... आदरणीय..."

"एकदाच. पुन्हा म्हणा. एकदाच."

तीन पहाटा तिने त्यांना घोटलं. काकांनी दोन-तीनदा म्हणायचा प्रयत्न केला की, बाळ, माझं चुकलं, हे तुझं होतं. पण तिने हात वर करून थांबवलं. "ते नंतर. दुसरं वाक्य." काकू चहा गाळता गाळता दोघांकडे बघत होत्या आणि कुणाला ओरडावं हे त्यांना समजत नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता डेपोतून निरोप आला. ना-हरकत मिळाली होती. डेपो मॅनेजरांच्या सासऱ्यांनी म्हणे घरी सांगितलं होतं की, गाडी धुतली ते सोडा, पण आवाज काय होता! उभं राहावंसंच वाटलं! मेमो तसाच होता, पण ना-हरकत मिळाली.

सभागृह खच्चून भरलं होतं. पंखे गरगरत होते, झगे घातलेली पोरं एकमेकांच्या टोप्या सरळ करत होती, आयाबाया पहिल्या रांगेतल्या जागांसाठी पिशव्या ठेवत होत्या. काकांना मिळालेला झगा कुठल्यातरी सहा फुटी पदवीधरासाठी शिवलेला होता. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या. काका घाबरलेही होते आणि हरखलेही होते, दोन्ही एकदम. नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. ते मंचावर चढले, माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

नऊशे तोंडं! सगळी त्यांच्याकडे बघतायत!

तीन पहाटांची मेहनत त्या क्षणी वाऱ्यावर गेली. आणि मग त्यांनी जे केलं ते पन्नास वर्षांत त्या मंचावर कुणी केलं नव्हतं. त्यांनी दांड्यासकट माईक उचलला, गर्रकन वळले, मागच्या निळ्या पडद्याकडे तोंड केलं आणि नऊशे माणसांकडे पाठ करून भाषण सुरू केलं.

पडदा बघताच आवाज असा लागला म्हणता! छताचे पत्रे थरथरले. पण भिंत आली तशी जुनी सवयही आली. प्रत्येक वाक्य दोनदा. लोक आधी गोंधळले, मग खुसखुसले, मग मोकळेपणी हसायला लागले. "उठा! आपापलं सामान उचला!" ला मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि चार-पाच जण खरोखरच उठून उभे राहिले. प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. आणि काका पहिल्या पानाच्या तळाशी पोचतात न पोचतात तोच मोठ्या क्लार्कांनी टेबलावरची घंटा वाजवली. तीन मिनिटं संपली होती.

काका थांबले. पाठीमागे हशा चालूच होता. चोपन्न वर्षांच्या माणसाचे कान लाल झाले. बाहीतून कागद सुटला आणि खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. झालं ते झालं, आता खाली उतरावं म्हणून ते वळले, आणि वळल्यावर त्यांना अकराव्या रांगेत लेक दिसली.

सगळे हसत होते, ती हसत नव्हती. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची घट्ट धरून ती उभी होती आणि ओठांनी त्यांना पुढचं वाक्य सांगत होती. शिकवणी अजून चालूच होती तिची!

मग काकांना बाकीची तोंडं दिसेनाशीच झाली. त्यांनी माईक जागेवर ठेवला आणि तिच्याकडे बघून, सरळ तिच्या डोळ्यांत बघून, बोलले.

"कृपया लक्ष द्या. अकराव्या रांगेत उभी असलेली मुलगी यंदा महाविद्यालयात पहिली आली आहे. मी नापास झालो तेव्हा मला तिने शिकवलं. हे भाषण तिचं होतं, मी ते घेतलं, माझी चूक झाली. तिने ताबडतोब मंचावर यावं. ती आल्याशिवाय हा कार्यक्रम पुढे सुटणार नाही."

एकदाच बोलले. मोठे क्लार्क अर्धवट उठले. "अहो, वक्ता बदलायचा तर..." पण प्राचार्यांनी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, "अगं जा की! काय बघत बसलीस!"

ती निघाली तेव्हा आधी तिच्या मैत्रिणी ओरडल्या, मग सगळं सभागृह. ती जवळजवळ पळतच आली. टोपी वाटेत पडली, कुणीतरी मागून आणून दिली. ती माईकसमोर आली, बापाच्या उंचीवरचा माईक तिने खाली केला, आणि तिच्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. काका बाजूला उभे होते. कुठे जावं, कुठे उभं राहावं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"नमस्कार," ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की काकूंनी तिथूनच तिची दृष्ट काढली. "मघापासून जे तुमच्याकडे पाठ करून बोलत होते, ते माझे पहिले विद्यार्थी आहेत."

हशा पिकला. तिने तो ओसरू दिला.

"ते दोनदा नापास झाले, पण पहाटेच्या शिकवणीला एक दिवस उशिरा आले नाहीत. ते फार प्रश्न विचारायचे. एकच गोष्ट चार-चार वेळा विचारायचे. मला राग यायचा. मग मी रात्रीच पुस्तक उघडून बसायचे, की उद्या यांना हे कसं समजावू. कधीकधी समजावता समजावता माझ्या लक्षात यायचं की हे मलाच नीट समजलेलं नव्हतं. सगळे विचारतात, तू पहिली कशी आलीस. अशी आले. यांना शिकवून आले. हे त्यांना माहीत नाही, मी त्यांना कधी सांगितलंच नाही. मी हे इथे उभं राहून सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं."

म्हणजे आरशासमोर पोरगी हे पुटपुटत होती! काकांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला होता आणि मान हलवत होत्या, म्हणजे हे काकूंनाही ठाऊक नव्हतं.

लेकीने माईकवरून मान वळवली. "आता बसा, बाबा. मला पुढचं बोलू द्या."

मंचावर त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. लक्षद्याकाका तिथेच पायरीवर मटकन बसले, लांबच लांब बाहीत तोंड खुपसलं आणि नऊशे माणसांसमोर ढसाढसा रडले. लेक थांबली नाही. तिची अजून दोन मिनिटं बाकी होती.